मृगसाल, बेहडा आणि ताळेबंद : पेशवाईतल्या अंमलदाराची वार्षिक परीक्षा

थ्रेड : मार्च संपत आला की सरकारी कचेऱ्यांत कार्यमूल्यमापनाच्या नमुन्यांची धांदल उडते. अमुक तारखेपर्यंत स्वतःचे काम लिहून द्या, तमुक तारखेपर्यंत वरिष्ठांचा शेरा. ही इंग्रजांची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मातीत याचा धागा त्याहून मागे जातो.

१/ प्रारंभ नगरच्या किल्ल्यापासून करू. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना फडणवीस पकडले गेले आणि याच भुईकोटात कैद झाले. दोन दशकांहून अधिक काळ ज्याने इतरांचे हिशेब तपासले, तो माणूस आता तटबंदीच्या आत होता. पुढल्या वर्षी सुटका झाली, पण १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यांच्यामागे एक तपासणीची पद्धतही हळूहळू विझली. हा थ्रेड त्या पद्धतीचा आहे.

२/ पेशव्यांच्या मुलखात परगण्याचा कारभार कमाविसदार किंवा मामलेदार पाही. मामला वर्षाच्या बोलीने मिळे. काम चोख असेल तर तोच माणूस वर्षानुवर्षे राही, मात्र प्रत्येक साली हिशेब नव्याने द्यावा लागे. नेमणूक हाती घेतानाच वसुलीतला काही भाग सरकारात आगाऊ भरावा लागे. त्याला ‘रसद’ म्हणत, आणि त्यावर कमाविसदाराला व्याज मिळे. बहुधा ही रक्कम तो स्वतःच सावकाराकडून उचलून आणी.

३/ वर्ष केव्हा सुरू होई? सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणूनच शुहूर सनाला ‘मृगसाल’ असेही नाव होते. पेशवे दफ्तराचे कागद चाळणाऱ्याला ‘सबैन’, ‘समानीन’ असे अरबी अंकशब्द पदोपदी भेटतात, ते याच सनाचे. राज्याचे उत्पन्न पावसावर असल्याने हिशेबाची पाटीही पेरणीच्या तोंडावरच कोरी होई.

४/ वर्षाच्या आरंभी पुण्याच्या हुजूर दफ्तरातून ‘बेहडा’ येई. परगण्याकडून किती जमा अपेक्षित आहे, आणि शिबंदी, देवस्थाने, वर्षासने यांवर किती खर्च मंजूर आहे, हे त्यात मांडलेले असे. आजच्या भाषेत उद्दिष्ट आणि अंदाजपत्रक एकाच कागदावर. पुढे मामलेदाराने गावे फिरायची, कौल देऊन पडीत जमीन लागवडीस आणायची, गरज असेल तिथे तगाई द्यायची आणि पीक डोळ्यांनी पाहून पाटलाशी गावाची जमाबंदी ठरवायची.

वसूल तीन-चार हप्त्यांत होई. संगमनेर, पारनेरकडची बाजरी दिवाळीच्या आसपास खळ्यात येते, तर शेवगाव, कर्जत, जामखेडकडची रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात. या जिल्ह्यात सगळ्या गावांना एकच तारीख लावणे म्हणजे निम्म्या गावांकडे उभ्या पिकावर पैसे मागणे.

५/ साल संपले की ‘ताळेबंद’. खरी परीक्षा इथे होती, कारण मामलेदाराने स्वतःविषयी लिहिलेले एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नसे.

त्याच्याच कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस असे दरकदार बसत. ते त्याचे नोकर नव्हते. त्यांना काढण्याचा अधिकार त्याला नव्हता. हुकमावर दिवाणाची निशाणी पडे, हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून जाई आणि कागदावर तारीख घाली तो फडणीस. (तारीख घालणे हे क्षुल्लक काम वाटेल. पण मागची तारीख टाकून हिशेब जुळवण्याची कला तेव्हाही लोकांस अवगत होती.)

शिवाय देशमुख-देशपांडे हे वतनदार आपले वेगळे हिशेब ठेवीत. त्यांच्या कागदांशी ताळा पडल्यावाचून मामलेदाराचा हिशेब हुजूर दफ्तरात मंजूर होत नसे. रयतेची फिर्याद आली तर पुण्याहून कारकून येऊन चौकशी करी.

हे सारे निर्मळ होते असे मुळीच नाही. दरकदार आणि मामलेदार संगनमत करीत, आणि ‘अंतस्थ’ नावाचे छुपे उत्पन्न सर्वांना ठाऊक होते. तरीही चोरीसाठी अनेकांना वाटा द्यावा लागे, आणि म्हणून ती बेताने होई.

६/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे बिघडले. मामले मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावील त्याला परगणा. मुदत कागदावर वर्षाचीच राहिली, पण वर्ष पुरे होण्याआधी अधिक बोली आली तर मामला जाई. मक्तेदार पोटमक्ते देई, आणि शेवटचा भार पाटलावर व कुळावर येई. दफ्तराकडेही दुर्लक्ष झाले, कागद लोकांनी उचलून नेले.

यातली मेख नीट पाहावी. मूल्यमापन बंद पडले नव्हते, त्याचा निकष एकावर आला होता : रक्कम किती आणि आधी किती. लागवड वाढली का, गाव ओस पडले का, तगाई पोचली का, हे विचारणारा कागदच उरला नाही. ज्याला पुढल्या मृगापर्यंत टिकण्याची खात्री नाही, तो विहिरीसाठी तगाई कशाला देईल? त्यातच १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आणि होळकर-शिंदे फौजांची धूळधाण नगर भागावर कोसळली.

७/ एक सावधगिरी. या काळाचे सर्वाधिक उद्धृत होणारे वर्णन एल्फिन्स्टनच्या ऑक्टोबर १८१९ च्या अहवालातले आहे, आणि तो बाजीरावाला पदच्युत करणारा पक्ष होता. नानांच्या काळाची त्याने केलेली स्तुती बाजीरावाला अधिक काळे दाखवते, हे विसरून चालणार नाही. मक्तेदारीचे अस्तित्व मात्र निर्विवाद आहे.

८/ १८१८ मध्ये नगर जिल्ह्याचा पहिला कलेक्टर हेन्री पॉटिंजर झाला. मामलेदार पगारी नोकर बनला, मक्ते गेले. पण वेळेवर वसूल हीच त्याच्या कामाची मुख्य खूण राहिली आणि हप्त्यांच्या तारखा ताठ झाल्या. तारीख आली की कुणबी सावकाराच्या ओट्यावर. १८७५ च्या दंग्यांत पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत कर्जरोखे जळाले, त्यामागील अनेक कारणांत हे एक होते.

९/ पुढे अधिकाऱ्याविषयीचा वार्षिक शेरा ‘गोपनीय’ झाला. बेहड्यात काय मागितले हे कमाविसदाराला ठाऊक असे. विसाव्या शतकातल्या नोकराला आपल्याविषयी काय लिहिले गेले हेच पुष्कळदा कळत नसे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई. १९९३-९४ सालच्या एका ‘चांगला’ या शेऱ्यामुळे बढती हुकलेल्या अभियंत्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १२ मे २००८ रोजी ‘देव दत्त’ खटल्यात न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळवलाच पाहिजे असे सांगितले. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने टप्प्यांच्या तारखा ठरवून दिल्या : स्वयंमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत, प्रतिवेदन अधिकाऱ्याचा अभिप्राय ३० जूनपर्यंत, पुनर्विलोकन ३१ जुलैपर्यंत.

१०/ जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात तलाठ्याच्या कामाचा अहवाल ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा असतो. त्याच तलाठ्याच्या दप्तरातले महसुली वर्ष मात्र आजही १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला मिटते.