समुद्रकांठ, पाहुणे आणि गोडें पाणी

आमच्या धर्मग्रामाचा वृत्तांत या स्मरणिकेंत इतरांनीं लिहिलाच आहे. आम्ही येथें थोडा निराळा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. तो समुद्रकांठीं येणाऱ्या पाहुण्यांचा. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगांव येथें सुरूच्या सावलींत रविवारीं जमणारी मुंबईकरांची गर्दी आपण पाहतोंच. त्या गर्दीस कांहीं नियम असावा कीं नसावा, व असल्यास तो कोणीं घालावा, हा प्रश्न वसईकरांस टाळतां येण्याजोगा नाहीं.

प्रथम किनाऱ्यावरील रेषेविषयीं. नोव्हेंबर १९८१ मध्यें पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनीं किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस लिहिलें कीं, भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखावा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. त्यास कायद्याचें बळ मिळण्यास १९ फेब्रुवारी १९९१ ची अधिसूचना निघावी लागली. तिनें ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर नव्या बांधकामास वर्ज्य ठरविले आणि पुढील ३०० मीटरांत परवानगीनें हॉटेलास मुभा दिली. त्यानंतर ही रेषा अनेकदां हलली. २०१९ च्या अधिसूचनेनें तर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचे ५० मीटर करण्याची वाट मोकळी केली. रेषा समुद्राकडे सरकली, समुद्र मात्र मागें हटला नाहीं. आमच्याच किनाऱ्यावर लाटांनीं उन्मळून पाडलेलीं सुरूचीं झाडें याची साक्ष देतात.

गोमंतकांत काय घडलें तें आपल्यांतील पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९६० नंतरच्या दशकांत कळंगुट, हणजूण येथें परदेशी फिरस्ते येऊं लागले, ते गांवकऱ्यांच्या खोल्यांत राहत. नोव्हेंबर १९८३ मध्यें राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची विश्रांतीची बैठक आग्वाद येथें भरली. त्याच दशकांत परदेशांतून खास विमानें येऊं लागलीं. २०११ च्या जनगणनेंत गोव्याची वस्ती सुमारें साडेचौदा लाख होती. २०१९ सालीं तेथें आलेल्या प्रवाशांची संख्या ऐंशी लाखांच्या घरांत गेली. पैसा आला, रोजगार आला, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु पाहुणे किती, ते कोठें उतरणार, त्यांचें पाणी कोठून येणार व मैला कोठें जाणार, हे प्रश्न इमारती उभ्या राहिल्यावर विचारले गेले. दोष केवळ परक्यांस देतां येणार नाहीं. विक्रीखतावर सही करणारा हात बहुधा गांवचाच असतो.

याच्या उलट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास या लहानशा गांवाचें आहे. मंडणगड तालुक्यांतील हें गांव पूर्वीं नाना फडणीसांचें मूळ गांव म्हणूनच ठाऊक होतें. तेथील वाळूंत समुद्री कासवाची मादी रात्रीं वर येते, मागील पायांनीं खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडीं घालून तो बुजविते आणि परत जाते. पूर्वीं हीं अंडीं माणसें व कोल्हे-कुत्रे पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें, श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानें, गांवकऱ्यांस हाताशीं धरून घरटीं राखण्याचें काम आरंभिलें. अंडीं किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेंत पुन्हां पुरावयाचीं, सुमारें पन्नास दिवस वाट पाहावयाची, आणि पिल्लें निघालीं म्हणजे तीं पाण्याजवळ सोडावयाचीं. पाण्यापर्यंतची वाट मात्र त्यांचीं त्यांनींच चालावयाची. २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. पाहुणे उतरतात गांवकऱ्यांच्या घरांत, जेवतात त्यांच्याच पंक्तीला, आणि राहण्याजेवणाचे पैसे थेट त्या घरांत जातात. भडक दिव्यांनीं पिल्लें वाट चुकतात, म्हणून किनाऱ्यावरील काळोख ही तेथें गैरसोय नसून गांवची मिळकत आहे! (कोणास जावयाचें असल्यास फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा, मात्र पिल्लें आपल्या सोयीनें निघतील हा भरंवसा धरूं नये.)

वेळासची नक्कल वसईंत होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तेथें जाण्यास वाट वांकडी करावी लागते. येथें लोकल गाडी दारांत येते. परंतु तेथील कासवाच्या ठिकाणीं येथें आपलें गोडें पाणी आहे. समुद्राच्या इतक्या जवळ केळी, पानवेली व फुलझाडें पिकलीं तीं बावखलांच्या जिवावर. पावसाचें पाणी बावखलांत सांठून जमिनींत मुरतें आणि खाऱ्या पाण्यास दाबून धरतें. उपसा मुरण्याहून अधिक झाला कीं खारें पाणी विहिरींत शिरतें. १९९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समिति टँकरवाल्यांच्या उपशाविरुद्ध उभी राहिली, ती याच कारणास्तव. ज्या वाडींत आज पोहण्याचे हौद व खोल्या बांधून पाहुण्यांस बोलाविलें जातें, तेथें किती बोअर मारल्या, किती बावखलें बुजलीं, याचा हिशेब मालकानें शेजाऱ्यास द्यावयास नको काय?

आमची सूचना एवढीच कीं, पाहुण्यांची संख्या ठरविण्यापूर्वीं पाण्याची मोजदाद व्हावी. गांवोगांवच्या तरुण मंडळांनीं आपापल्या आळींतील विहिरी व बावखलें मोजून त्यांची नोंदवही करावी, पाण्याची खोली व चव दोन्हीं टिपावीं. मे महिन्यांत पाणी सर्वांत खालीं असतें. तेव्हां आरंभ करणें सोयीचें होईल.