नेस्टेड लूप व लिस्टची रचना (पायथन)

पायथन या संगणकभाषेत एका लूपच्या पोटात दुसरा लूप चालवून नवी लिस्ट तयार करण्याची पद्धत. बाहेरच्या लूपची एक फेरी होते तेवढ्यात आतला लूप पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा फिरतो. बे ते तीसचे पाढे प्रत्येकी दहापर्यंत करायचे, तर बाहेर २९ फेऱ्या, आत १० आणि एकूण २९० गुणाकार होतात. (रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून २ ते ३० साठी २ आणि ३१ द्यावे लागतात.)

गुणाकार किती होणार हे लूप ठरवतात. लिस्टचा आकार मात्र रिकामी लिस्ट कुठे मांडली त्यावर ठरतो. ती दोन्ही लूपच्या आधी एकदाच मांडून सर्वांत आत अपेंड केले, की २९० संख्यांची सलग लिस्ट मिळते. बाहेरच्या प्रत्येक फेरीत नवी लिस्ट मांडून, भरून, मग मोठ्या लिस्टला जोडली, तर २९ लिस्टची एक लिस्ट होते. सतरा सक १०२ पहिल्या रचनेत १५५ या निर्देशांकावर सापडतो, दुसऱ्या रचनेत [१५][५] येथे. मोजणी शून्यापासून असते. हा फरक कळला की विषयाचा मोठा भाग हाती आला.

ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या पायथन २.० पासून हेच काम लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने एका ओळीत करता येते. गणितात संच लिहिण्याची जी रीत आहे, तिच्याशी या रचनेचे जवळचे नाते आहे. हास्केल भाषेत ती आधीपासून होती. सलग लिस्टसाठी [अ*ब फॉर अ इन पाढे फॉर ब इन ओळी] असे लिहितात. यात डावीकडचा फॉर बाहेरचा. लिस्टच्या लिस्टसाठी [[अ*ब फॉर ब इन ओळी] फॉर अ इन पाढे] असे लिहितात. इथे बाहेरचा फॉर उजवीकडे जातो. क्रम असा उलटत असल्याने वाचताना आधी कंस पाहावेत, मग फॉर. (अ, ब अशी देवनागरी नावे पायथन ३ मध्ये चालतात, फॉर आणि इन मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.)

[[०]*३]*३ असे लिहून शून्यांचा तक्ता करणे धोक्याचे. त्यात तीन ओळी दिसतात, पण लिस्ट एकच असते. एका ओळीतला शून्य बदलला की तिन्ही ओळी बदलतात. [[०]*३ फॉर क इन रेंज(३)] असे लिहिल्यास प्रत्येक फेरीत वेगळी लिस्ट तयार होते.

दोन्ही लूप हजार-हजार फेऱ्यांचे असले तर लिस्टमध्ये दहा लाख घटक साठतात. ते सर्व एकदम नको असतील, तर सलग रचनेतील चौकोनी कंसांच्या जागी गोल कंस घालावेत. पायथन २.४ पासून मिळालेली ही जनरेटर एक्स्प्रेशनची सोय लिस्ट न बनवता मागणीनुसार एकेक मूल्य देते.