दस्त्यातली ग्रीसची डबी

एनसीसीत थ्री-नॉट-थ्री हाताळलेल्यांना पुल-थ्रू आणि चिंधी आठवत असेल. नळीतून तेलाची चिंधी ओढली, बोल्ट पुसला की काम संपलं. बोल्ट थोडा जड सरकला तरी अडत नसे, कारण तो सरकवणारा हात शिपायाचा होता. हाताला जोर वाढवता येतो.

अर्धस्वयंचलित रायफलीत हा हातच गेला. अमेरिकन एम-1 गॅरंडमध्ये गोळीमागचा थोडा वायू नळीच्या टोकाशी पकडला जातो. त्याच्या रेट्यानं एक लांब दांडा मागे जातो, बोल्ट फिरवून उघडतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे आणते. वायूचा जोर ठरलेला असतो. घर्षणानं त्यातला वाटा खाल्ला की रायफल अडते. म्हणून इथे वंगण हा यंत्राचाच एक भाग झाला, आणि हे लष्कराला सावकाश उमगलं.

स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत जॉन गॅरंड यांचे प्रतिस्पर्धी होते जॉन पेडरसन. त्यांच्या रायफलीत नळीतला दाब पुरता उतरण्याआधीच काडतूस मागे ओढलं जाई; ते चिकटू नये म्हणून प्रत्येक काडतुसावर कडक मेणाचा पातळ थर द्यावा लागे. वंगण लावलेली काडतुसं म्हटलं की आपल्याला 1857 आठवणार. अमेरिकन अधिकाऱ्यांची धास्ती वेगळी होती: धूळ. पेडरसन यांचं मेण कोरडं, न चिकटणारं होतं. पण शंका ती शंकाच. 1932 मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी जुनंच .30 कॅलिबर कायम ठेवलं आणि .276 साठी घडवलेली पेडरसन यांची रायफल मागे पडली. 1936 मध्ये गॅरंड यांची रायफल स्वीकारली गेली.

तिला मेण लागत नव्हतं. तिचं दुखणं पावसात कळलं. मुसळधार पावसात गोळ्या झाडत राहिलं की तेल धुऊन जाई. दांड्याच्या खाचेत बोल्टचा कान घासत फिरतो, तिथे लोखंडावर लोखंड येई आणि बोल्ट जाम होई. तेल कितीही ओता, पाण्यापुढे टिकत नसे. उपाय सापडला तो कारखान्यांतल्या यंत्रांना लावायच्या ल्युब्रिप्लेट नावाच्या ग्रीसमध्ये. ते पाण्याला दाद देत नाही, घासणाऱ्या जागी चिकटून राहतं. मग शिपायाला ग्रीसची इवलीशी डबी मिळू लागली, आणि तिची जागा ठरली रायफलीच्या दस्त्यातल्या पोकळीत. बोल्टचा कान, दांड्याची खाच, दांडा सरकतो ती पन्हळ, एवढ्या जागांना बोटभर ग्रीस पुरे. नवी रायफल घडवण्यापेक्षा हे किती स्वस्तात झालं!

नंतरच्या एम-14 रायफलीनं हीच सवय पुढे चालवली. एम-16 नं ती मोडली. तिच्यात वायू थेट बोल्टच्या वाहकात शिरतो, काजळीही सोबत आणतो. तिथे ग्रीस नव्हे, तेल आणि वरचेवर सफाई हवी. उलट, हिला सफाई फारशी लागत नाही असाच बोलबाला झाला, आणि व्हिएतनाममधल्या अनेक शिपायांकडे सफाईचं साहित्यसुद्धा नव्हतं. रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. दोष काडतुसातल्या दारूच्या बदललेल्या मिश्रणाचा आणि काडतूस बसतं त्या, क्रोमचा मुलामा नसलेल्या कोठीचाही होता. 1967 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीनं चौकशी केली. पुढच्याच वर्षी लष्करानं शिपायांच्या हाती चित्रकथेची पुस्तिका दिली. विल आइस्नर या नामवंत कॉमिककाराच्या हातची ती पुस्तिका रायफलीच्या कुठल्या भागाला किती तेल द्यायचं, हे चित्रांतून शिकवत होती.