गच्चीवरची विद्या



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आपल्या घराच्या गच्चीवरही एक इतिहास घडून गेला आहे. दूरदर्शन संचावरील चित्र बिघडले असता ते घरच्या घरी कसे सुधारावे, ही विद्या आपण कशी शिकलो व कशी विसरत चाललो, हे आज सांगावयाचे योजिले आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात. नाशिक तेथून सुमारे १५० किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत! तिच्या माथ्यावरून किंचित वाकून जो अंश पलीकडे उतरे, तेवढ्यावरच आमची मदार होती.

हा क्षीण अंश वेचणारी अँटेना जपानची देणगी होय. सेंदाई येथील विद्यापीठातील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ती रचना प्रसिद्ध केली. तीत एक नळी लहरी ग्रहण करते, मागील लांब नळी त्या परतविते आणि पुढील आखूड नळ्या त्यांना वाट दाखवितात. मुंबईच्या लहरींसाठी ग्रहण करणारी नळी सुमारे सव्वादोन मीटर लांब लागे. मौज अशी की, १९४२ साली सिंगापूर जिंकल्यावर जपानी सैन्यास ब्रिटिश रडारच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द आढळला आणि त्याचा अर्थ एका ब्रिटिश कैद्यास विचारावा लागला! आपल्याच घरचे ज्ञान परक्यास विचारण्याची पाळी पुढे मजवरही आली.

१९८१ साली आमच्या पंचवटीतील घरी संच आला. तीर्थरूप अंथरुणास खिळले होते. सायंकाळच्या बातम्या हाच त्यांचा विरंगुळा. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या अनुरोधाने नैऋत्येचा अंदाज बांधून मी पाइप फिरवी आणि खालून धाकटा बंधू ओरडे, “अण्णा, आलं! आलं! ... गेलं!” त्या पावसाळ्यानंतर मात्र पडद्यावर नुसत्या मुंग्या उरल्या. एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी निम्म्या पगाराचा बूस्टर आणिला, तो मुंग्या अधिकच ठळक झाल्या. कारण बूस्टर चित्राबरोबर गोंगाटही वाढवितो. तीर्थरूप एवढेच म्हणाले, “अरे, आधी वर जाऊन पाहिलंस का?”

मी पाहिले नव्हते. वर पाहतो तो वायरीचा जोड पांढरट बुरशीसारख्या गंजाने खाल्लेला, आणि चपटी वायर उन्हाने तडकून आत पाणी शिरलेले. चाकूने जोड खरवडला, नवी वायर जोडली; त्या सायंकाळी तीर्थरूपांना बातम्या देणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसला. पैसे गेले त्याचे दुःख नव्हते. न पाहताच उपाय केला याची लाज होती.

त्या काळी घरोघरी ही निदानाची शास्त्रे तयार झाली. मुंग्या दिसल्या तर लहरी क्षीण. चित्राशेजारी त्याचीच सावली दिसली तर लहरी डोंगरावर वा इमारतीवर आपटून उशिरा येत आहेत, तेव्हा अँटेना थोडी वळवावी. ठिपक्यांच्या आडव्या रेघा उमटल्या तर जवळच्या स्कूटरची वा मिक्सरची ठिणगी. गृहिणी व शाळकरी मुलेही हे जाणत.

पुढे १९८४ साली देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली आणि उंच पाइपांची गरज ओसरली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी सेवा सुरू झाली, आणि २०२२ पर्यंत जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे थांबली. आज त्या सेवेची तबकडी नाशिकात आग्नेयेकडे पाहते. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. चित्र आता मुंग्यांनी भरत नाही, ते थिजते किंवा नाहीसे होते. मुसळधार पावसात तसे झाल्यास ढग ओसरू द्यावे. आकाश निवळूनही चित्र न आल्यास, गच्ची कोरडी असताना, संचाची वीज बंद करून वर जावे: तबकडी वाऱ्याने हलली का, जोडात पाणी शिरले का, समोर झाडाची फांदी वाढली का, हे पाहावे.

साधने बदलली, दिशाही बदलली. परंतु दुरुस्तीची पहिली पायरी तीच आहे. पैसे काढण्यापूर्वी वर जाऊन पाहावे.