पेनिसिलीनचे वावडे

लहानपणी केव्हातरी पेनिसिलीन घेतले, अंगावर पुरळ उठले आणि ‘वावडे’ असा शेरा कागदावर पडला, अशी माणसे प्रत्येकाच्या परिचयात असतात. बदली झाली तरी सेवापुस्तकातील शेरा जसा मागोमाग येतो, तसाच हाही जन्मभर येतो. त्याचा इतिहास मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

फ्लेमिंग यांना या बुरशीचा गुण लंडनमध्ये १९२८ साली आढळला. ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन प्रभृतींनी १९४१ मध्ये ते औषध रोग्यांना टोचले. ते चूर्ण पिवळसर व अशुद्ध होते. त्यामुळे पुढे काहींच्या अंगावर पित्त उठू लागले, तेव्हा दोष अशुद्धीवर जाणे स्वाभाविकच होते. परंतु स्फटिकशुद्ध पेनिसिलीन हाती आले तरी पित्त थांबेना. त्या उत्साहाच्या काळात पेनिसिलीनची मलमेही निघाली होती. त्वचेवर चोळलेले औषधच वावडे अधिक निर्माण करते, हे कळल्यावर ती मागे पडली. पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन होऊ लागले ते १९५५ साली.

खरा उलगडा १९६१ च्या सुमारास लेव्हिन व ओव्हरी यांच्या संशोधनाने झाला. पेनिसिलीनच्या रेणूतील चौकोनी कडे शरीरात तुटते व प्रथिनाला चिकटते; ही जोडगोळीच शरीराला परकी वाटते. त्यातूनच त्वचेवरील चाचणीचे द्रव्य सिद्ध झाले.

तथापि प्रत्येक पुरळ म्हणजे वावडे नव्हे. औषध घेतल्यावर तासाभरात उठणाऱ्या खाजऱ्या गांधी वेगळ्या आणि काही दिवसांनी उमटणारे तांबूस पुरळ वेगळे. ग्रंथिज्वराच्या रोग्यांना अ‍ॅम्पिसिलीन दिले असता अनेकांच्या अंगावर पुरळ येते, असे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांना ते औषध पुढे सोसते. उलट, भाजल्याप्रमाणे कातडी सुटण्याचा जो भयंकर विकार लायल यांनी १९५६ मध्ये वर्णिला, तो पुष्कळदा औषधांमुळेच होतो. तो ज्याला झाला, त्याने ते औषध पुन्हा कधीही घेऊ नये. त्याच्यावर चाचणीचा प्रयोगही करू नये.

अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोकांच्या नोंदीत हे वावडे आढळते. तपासणी केल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलीन निर्वेध घेता येते. तोवर मात्र त्यांना महागडी, अधिक व्यापक औषधे दिली जातात आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढत राहतात. शेरा आपल्याच हाताने खोडू नये, हे खरेच. पुरळ कसे होते, किती वेळाने आले, ही हकीकत डॉक्टरांना सांगावी. मग ते रुग्णालयात देखरेखीखाली चाचणी घेतात, औषधाची मात्रा देऊन पाहतात आणि सोसली तर तो शेरा रद्द करतात.