वाफेच्या उष्णता-विनिमयकाची क्षमतावृद्धी : एक ऐतिहासिक विवेचन

उभारलेला उष्णता-विनिमयक अपुरा पडू लागला की नळ्या वाढवाव्यात, असा विचार प्रथम मनात येतो. परंतु संक्रमित होणारी उष्णता ही पृष्ठक्षेत्र, तापमानांतर आणि उष्णतासंक्रमण-गुणांक या तिहींचा गुणाकार होय. यांपैकी तिसऱ्या घटकाचे स्वरूप उलगडण्यास दीर्घ काळ लागला. तो इतिहास आजच्या अभियंत्यासही मार्गदर्शक आहे.

जेम्स वॉटला 1765 मध्ये स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली व 1769 मध्ये त्याने तिचे एकस्व मिळविले. संघनकातील हवा व पाणी काढून टाकण्यासाठी त्याने पंपाची योजना केली होती. मात्र तिचा हेतू निर्वात राखणे हा होता. हवेमुळे उष्णतासंक्रमणासच अडथळा होतो, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली.

जेम्स प्रेस्कॉट जूल याने 1861 मध्ये वाफेच्या पृष्ठसंघननावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नळीचा धातू बदलल्याने फारसा फरक पडत नाही, उलट थंड पाण्याचा वेग वाढविल्यास संक्रमण वाढते, असे त्यास आढळले. पाण्याच्या मार्गात सर्पिल तार बसवूनही त्याने हाच परिणाम साधला. म्हणजे पृष्ठक्षेत्र तेच ठेवून क्षमता वाढविता येते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. मुख्य रोध धातूच्या भिंतीत नसून तिला चिकटून असलेल्या द्रवाच्या थरात आहे, हा त्याचा अर्थ होय.

वाफेच्या बाजूकडे लक्ष वेधले ते ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने. वाफेत अल्प हवा मिसळली तरी संघनन मंदावते, असे त्याने 1873 मध्ये दाखविले. वाफ थंड पृष्ठाकडे जाताना हवाही सोबत नेते. वाफेचे पाणी होते, हवा मात्र तेथेच साचते आणि मागून येणाऱ्या वाफेस तिच्यातून वाट काढावी लागते. 1929 मध्ये डोनाल्ड ऑथमर याच्या मापनांत, आकारमानाने सुमारे अर्धा टक्का हवा असताना गुणांक निम्म्यावर आल्याचे आढळले. तत्पूर्वी 1916 मध्ये विल्हेल्म नुसेल्ट याने संघनित पाण्याच्या पातळ पटलातून होणाऱ्या उष्णतावहनाचे गणित मांडले होते. पटल जितके जाड, तितका रोध अधिक. म्हणूनच पाण्याचा निचरा त्वरित होणे अगत्याचे ठरते.

हे रोध एकापुढे एक असल्याने त्यांची बेरीज होते. समजा, एकूण रोधाचा चार-पंचमांश भाग पाण्याच्या बाजूस आहे. वाफेच्या बाजूचा गुणांक दुप्पट केल्यास एकूण रोध 1 वरून 0.9 होतो व क्षमता जेमतेम 11 टक्के वाढते. पाण्याच्या बाजूचा गुणांक दुप्पट केल्यास तोच रोध 0.6 वर येतो व क्षमता 67 टक्क्यांनी वाढते. याउलट, आत हवा साचली असेल तर पाण्याचा वेग वाढवून विशेष लाभ होत नाही. पंपाची शक्ती मात्र अधिक खर्च होते.

तात्पर्य, सर्वांत मोठा रोध कोठे आहे हे प्रथम मापनाने ठरवावे. हवेचा निःसारणमार्ग, स्टीम ट्रॅप, नळ्यांतील क्षारांचे कवच आणि पाण्याचा वेग यांची तपासणी झाल्यानंतरच नव्या पृष्ठक्षेत्राचा विचार करणे युक्त होय. तसे न करता वाढविलेल्या नळ्या जुन्या दोषाचाच विस्तार करतात.