एडिटरची कुळकथा

मंडळी, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात कुठल्याही टेबलावर बसलात तरी एखादा सॉफ्टवेअरवाला भेटणारच. तो दिवसभर नक्की काय करतो, हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. ‘त्या काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करतात’, एवढंच! तो काळा पडदा म्हणजे कोड लिहिण्याचा एडिटर. दर थोड्या दिवसांनी त्यात नव्या सोयी येतात, पण जुन्या सोयी आल्या कशा, ही कथा जास्त रंजक आहे.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी ‘एड’ लिहिला. तेव्हा समोर पडदा नव्हताच, कागदावर छापणारं टेलिटाइप यंत्र होतं. त्यामुळे एड ओळ दाखवायचा तीही मागितली तरच. चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा!

१९७६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे जॉर्ज कूलूरिस बर्कलीला आले. पडद्यावर चालणारा ‘एम’ हा एडिटर त्यांनी लिहिला होता. एम म्हणजे ‘मर्त्य माणसांसाठी एडिटर’, एडला मारलेला टोमणाच म्हणा ना. तो पाहून तिथला विद्यार्थी बिल जॉय कामाला लागला आणि त्यातून पुढे ‘व्हीआय’ जन्मला. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ! म्हणून आज्ञा अगदी त्रोटक: ‘डी’ दोनदा दाबला की अख्खी ओळ गायब. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण छापलेले होते एच, जे, के, एल या कळांवर. साहजिकच कर्सर हलवायलाही त्याच कळा.

१९९१ मध्ये हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनी ‘विम’ आणला. तो फुकट होता, विनंती एकच: जमल्यास युगांडातल्या किबाले इथल्या मुलांना मदत करा. २०२३ मध्ये ते गेले. सॉफ्टवेअरच्या दुनियेत इतकी साधी माणसं विरळाच.

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड २०१५ चा. पण माझ्या मते खरी क्रांती २०१६ ची, ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’. आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. आता भाषेची जाण एकदाच लिहायची, ती सगळ्या एडिटरांनी वापरायची. जाहिरात झाली ती मात्र २०२१ च्या ‘कोपायलट’ची, जो अख्खं फंक्शनच लिहून देतो. ही सोय की पोटावर पाय, यावर आपल्याकडे जेवणानंतर तावातावाने वाद होतात. आधीच्या सोयींनी बोटांचे श्रम वाचवले, ही लिहिण्याचं कामच उचलते आणि आपल्याकडे तपासणी ठेवते. एड निदान प्रश्नचिन्ह तरी छापायचा. हा चुकीचंही ठासून लिहितो. एच, जे, के, एलवर बोटं ठेवून ते ओळीओळीने वाचून काढायचं काम आपलंच.